नावं ठेवणं

सुबोध लहानेनं खोक्यातून आणून ठेवलं तेव्हा
त्याच्या अंगावर रोलिंग मिलची काजळी होती
आणि पोटात जंत.
"पंधरा दिवस, ताई. घर मिळेपर्यंत फक्त.
नाव ठेवू नका," तो म्हणाला,
"नाव ठेवलं की जीव अडकतो."

तर मी नाव ठेवलं नाही.
नावं मात्र ठेवली उठता-बसता:
काळतोंड्या, उपटसुंभ, मेल्या, सैतानाच्या लेकरा.
नफीसाभाभी भिंतीवरून विचारायच्या,
"आज काय फाडलं?"
आज पायपुसणं. आज लाइटबिल.
आज उजव्या पायातली चप्पल, डावी शाबूत,
जशी काही मी लंगडीच घालत जाते कामाला.

नळ येतो आठव्या दिवशी, कधी दहाव्या,
आणि ह्यानं सहाव्या दिवशी
पिंपाच्या तोटीचा पाइप चावून तोडला.
न्हाणीपासून उंबऱ्यापर्यंत
दोन-चार दिवसांचं पाणी पळत सुटलं
आणि पाण्याच्या पुढं हा,
त्याला वाट दाखवत.
मी हात उगारला.
त्यानं तो चाटला.
न्हाणीच्या दाराला कडी नाही,
त्या रात्रीपासून वरवंटा लावून ठेवू लागले.
चटणी तशीही कोण वाटतंय
एकटीसाठी.

मी बियाण्याच्या कंपनीत आहे, प्रयोगशाळेत.
ओल्या कागदात शंभर बिया गुंडाळायच्या,
चौथ्या दिवशी उलगडून मोजायच्या:
उगवल्या किती, कुजल्या किती,
वाकड्या मोडाच्या किती.
आकडा लिहायचा, कागद कचऱ्यात.
पोती जातात भोकरदनला, मंठ्याला,
पुढं कुणाच्या वावरात काय झालं
ते आमच्यापर्यंत येत नाही.
वीस वर्षं त्याचं मला काही वाटलं नव्हतं.

बघायला माणसं येत राहिली.
एकाला जात हवी होती. कुत्र्याची, म्हणजे.
गावठी, म्हटल्यावर चहा न पिता उठला.
एकाला गोदामावर साखळीला बांधायला.
एक बाई म्हणाल्या, "शांत आहे ना?"
तेव्हा त्यांचा पदर ह्याच्या तोंडात होता
आणि हा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला निघाला होता.
पंधराचे एकेचाळीस दिवस झाले.
सुबोध फोनवर चाचरत बोलायचा,
मी म्हणायचे, राहू दे रे आठवडाभर,
आणि फोन ठेवून स्वतःवरच चिडायचे.

मग दैवशाला शेजूळ आली, अंबडकडच्या वस्तीवरून.
पोलीस भरतीची तयारी, बुटांना तांबडी माती.
तिनं जात विचारली नाही.
"पळतो किती?"
"थांबतच नाही, बाई."
"मग बरं. पहाटे पाचला रस्त्यावर
मी एकटीच असते."
मी विचारत सुटले: साखळी? नाही.
दूध? दोन म्हशी.
पाणी कितव्या दिवशी येतं तुमच्याकडं?
ती हसली. "विहीर आहे, मावशी."

कागदावर एक रकाना होता नावाचा.
"ठेवलं नाही," मी म्हणाले, "हाक मारून दाखवते."
आणि मला बाकी काही सुचेना.
"ए मेल्या!"
तो कुंडी पाडून धावत आला,
माझ्याकडं नाही, तिच्या बुटांकडं.
रकान्यात तिनं काय लिहिलं
मी बघितलं नाही.
डावी चप्पल मात्र पिशवीत घालून दिली.
वासाला, म्हटलं. प्रवासात रडेल.
रिक्षा वळेपर्यंत तो काही रडला नाही.

महिन्यानं तिचा फोन:
"आठशे मीटर, दोन छप्पन!
शेवटच्या वळणापर्यंत माझ्यापुढं होता,
मग एका कोंबडीच्या मागं गेला."

काल रात्री दोनला नळ आला.
पिंप भरलं, घागरी भरल्या, पातेलीसुद्धा.
न्हाणीच्या दाराला वरवंटा लावला,
उभी राहिले,
उचलून परत पाट्यावर घेतला.
लसणाच्या चार पाकळ्या, मूठभर शेंगदाणे,
मिरच्या जरा जास्तच.

भिंतीपलीकडं दिवा लागला.
नफीसाभाभी, अर्धवट झोपेत:
"ताई, आता काय फाडलं?"